बंद दुकानाचा पंचनामा

माझ्या धाकट्या भावाचा शाहूपुरीत छोटा छापखाना आहे. अब्बांनी सुरू केला तेव्हा पायाने चालवायचे ट्रेडल मशीन होते. आता एक ऑफसेट आहे, तेही जुने घेतलेले. लग्नपत्रिका, बिलबुके, तालमीच्या मंडळांची पावतीपुस्तके असे काम. मी कविता लिहितो, त्यामुळे छापखान्यात माझा उपयोग एवढाच, की पत्रिकेचा मजकूर जुळवून द्यायचा आणि प्रुफे तपासायची.

या छापखान्याच्या आतल्या भिंतीवर कमरेच्या वर एक मातकट आडवी रेघ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी तिथपर्यंत चढले होते. कागदाची रिमेच्या रिमे भिजून फुगली, मशीनची मोटार गेली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला सरकारी माणसे आली. त्यांनी भिंतीवरची रेघ पाहिली, चिखलात बसलेला कागद पाहिला, लिहून घेतले. छोट्या दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये अशी मदत तेव्हा सरकारने ठरवली होती. नुकसान त्याहून जास्त होते, हेलपाटेही घालावे लागले, पण ती मदत होती. परत करायची नव्हती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पाण्याचा थेंब आत आला नाही. कागद कोरडा, मशीन तेल घालून झाकलेले, भिंत जशीच्या तशी. आणि धंदा मात्र महापुरापेक्षा वाईट बुडाला. ऐन लग्नसराईत कुलूप. गाळ्याचे भाडे चालू, दोन कामगारांची घरे चालू. भाऊ मला म्हणाला, "भाई, पूर बरा होता. निदान दाखवायला काहीतरी होतं."

त्याचे हे बोलणे माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. पुराचे पाणी भिंतीवर खूण ठेवते. आगीत वासे जळतात, गारपिटीत द्राक्षे पडतात. सगळ्याचा पंचनामा होतो. न झालेल्या विक्रीचा पंचनामा कसा करायचा? न छापलेली लग्नपत्रिका साहेबांना कुठे दाखवायची? सरकारपुढेही हा प्रश्न होताच. एकाच वेळी सगळ्या देशातली दुकाने बंद, कराचे उत्पन्न आटलेले. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २० लाख कोटी रुपयांचे 'आत्मनिर्भर भारत' पॅकेज जाहीर केले. आकडा ऐकून आमच्या गल्लीत कुणाला त्यातली शून्ये मोजता येईनात. त्यात उद्योग-व्यवसायांसाठी सर्वांत मोठी गोष्ट होती ३ लाख कोटींच्या विनातारण कर्जाची. हमी सरकारची, पैसा बँकेचा. म्हणजे पंचनाम्याची अडचण सरकारने अशी सोडवली, की नुकसान किती झाले हे विचारायचेच नाही. कर्ज किती हवे ते विचारायचे.

भाऊ कागद घेऊन बँकेत गेला. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्याने नियम समजावून सांगितला. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के नवीन कर्ज मिळेल. तारण नको, पहिले वर्षभर मुद्दल फेडायचे नाही, व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या वर नाही. योजना चांगलीच होती. फक्त भावाच्या नावावर कर्जच नव्हते. शून्याचे २० टक्के शून्य.

आमच्या अब्बांनी कधी कर्ज काढले नाही. व्याज घेणे आणि देणे दोन्ही आमच्यात निषिद्ध मानतात. व्यवहारात सगळेच ते पाळतात असे नाही, मी स्वतः घरासाठी कर्ज काढलेले आहे. पण अब्बांनी पाळले आणि भावानेही. शिवाय सावकाराच्या वहीत अडकलेली घरे अब्बांनी लहानपणी पाहिली होती, हेही एक कारण असावे. कर्ज नसणे ही अब्रूची गोष्ट होती. २०२० मध्ये कळले, की ज्याने कधी घेतले नाही त्याची बँकेत पतच नाही. आणि हे एकट्या आमच्या घराचे नाही. महाद्वार रोडवरचा बांगडीवाला, सुभाषनगरात घरी बसून चपला शिवणारा कारागीर, रोखीने माल घेऊन रोखीने विकणारे असे कितीतरी लोक बँकेच्या दृष्टीने तिथे नव्हतेच.

फाउंड्रीवाल्यांचे मात्र वेगळे झाले. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची बँकेत कर्जखाती होती, त्यांना या योजनेतून खेळते भांडवल मिळण्याचा रस्ता मोकळा होता. ऑर्डर परत येऊ लागल्या तेव्हा अशा पैशावर भट्टी पेटवता येते, कामगार परत बोलावता येतो. तेव्हा योजना कागदावरच राहिली असे मी म्हणणार नाही. पुढे तिची मर्यादा साडेचार लाख कोटी आणि मग पाच लाख कोटींपर्यंत वाढवली. पण ती होती ज्याचे बँकेत आधीच चालले होते त्याच्यासाठी.

बाकी बहुतेक गोष्टी पुढे ढकलण्याच्या होत्या. रिझर्व्ह बँकेने हप्ते मार्च ते ऑगस्ट २०२० पुढे ढकलू दिले, व्याज चालूच. वीज नियामक आयोगाने उद्योग-व्यवसायांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला. लोक माफीच समजून बसले होते, नंतरची बिले हातात पडल्यावर उलगडा झाला.

रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी १ जून २०२० ला 'पीएम स्वनिधी' आली. १० हजार रुपये, तारण नाही, वर्षभरात हप्त्याने फेडायचे, वेळेवर फेडले तर व्याजात ७ टक्के सवलत आणि पुढच्या वेळी २० हजार. यात मला आवडलेली गोष्ट पैशाची नाही. ज्याच्याकडे फेरीवाल्याचा दाखला नाही, त्याला पालिकेने शिफारसपत्र द्यायची सोय होती. कपिलतीर्थ मंडईजवळ केळी विकणारा आमचा एक बागवान दोस्त आहे. त्याला ते पत्र मिळाले. पंचवीस वर्षे त्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस तिथे उभा असतो, हे सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केले. त्याने ते लॅमिनेट करून गाड्याच्या दांड्याला लावले. कर्ज फेडून झाले, पत्र अजून लटकते आहे.

परदेशांत काय झाले ते तेव्हा वर्तमानपत्रांत वाचत होतो. इंग्लंडमध्ये घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकार देत होते. अमेरिकेत छोट्या धंद्यांना दिलेले कर्ज पगारावर खर्च केले तर माफ होत होते. ते देश श्रीमंत, हे खरेच. पण तिथेही हे जमले याचे एक कारण असे, की कामगाराचा पगार कुठेतरी नोंदलेला असतो. भावाच्या दोन कामगारांचा पगार शनिवारी पाकिटात घालून दिला जातो. त्याची नोंद एका लांबट वहीत असते आणि ती वही फक्त भावाला वाचता येते.

आपल्या शहरात ही गोष्ट पूर्वी वेगळ्या रीतीनेही झालेली आहे. गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. राजवाड्यातली नोकरी सुटल्यावर शाहू महाराजांनी त्यांना भांडवल दिले, त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराज गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. अस्पृश्यता मोडण्याची गोष्ट म्हणून ती आपण सांगतो, आणि ती आहेच. पण धंद्याच्या अंगाने पाहिले तर महाराजांना एक साधे गणित कळले होते. नुसते भांडवल देऊन दुकान चालत नाही, गिऱ्हाईक लागते. २०२० मध्ये अंबाबाईचे मंदिर मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होते. मंदिराभोवतीच्या दुकानदाराला कोणी कितीही कर्ज दिले असते, तरी त्याने माल भरून विकायचा कुणाला?

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम मजूर, घरकामगार यांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर केले. रक्कम लहान, पण ती परत मागणारी नव्हती, एवढे तिच्या बाजूने म्हणावे लागेल. छापखाना कोणत्याच यादीत नव्हता. त्याच महिन्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास असा नियम झाला. २५ माणसांसाठी पत्रिका कोण छापतो? उलट ओळखीचे लोक माझ्याकडे 'आपण येऊ नये, घरूनच आशीर्वाद द्यावेत' अशा अर्थाचा मजकूर मागू लागले, मोबाइलवर पाठवायला. मी तीन-चार नमुने करून दिले. त्यातला एक माझ्याकडेच अनोळखी माणसाकडून फिरून आला. माझे इतके वाचले गेलेले लिखाण दुसरे नसेल. छापखान्याला त्यातून एक रुपया मिळाला नाही.

जुलैत व्यापाऱ्यांनी दुकाने उघडू द्या म्हणून आंदोलन केले. दुकाने उघडली आणि महिना संपायच्या आत पुन्हा महापूर. पाणी जुन्या रेघेच्या आसपासच आले. पुन्हा पंचनामा, पुन्हा मदत. भाऊ चिखल काढताना हसत होता. म्हणाला, "आता येतील बघ साहेब."

मधल्या काळात घर कशावर चालले ते सांगायचे राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक सवलत दिली होती, तिची फार चर्चा झाली नाही. सोने तारण ठेवून बँकेकडून त्याच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज मिळायचे, ते मार्च २०२१ पर्यंत ९० टक्के केले. धाकट्या भावजयीने हातातल्या चार बांगड्या काढून दिल्या. अब्बा असते तर काय म्हणाले असते, हा विषय घरात कुणी काढला नाही. दोघा कामगारांचा पगार थोडाथोडका का होईना, त्या बांगड्यांतून निघाला.

कर्ज २०२३ मध्ये फिटले. बांगड्या सोडवून आणल्या त्या दिवशी भावजयीने त्या घातल्या नाहीत, पेटीत ठेवल्या. महिन्याभराने भावाला बँकेतून फोन आला. तुमचा परतफेडीचा रेकॉर्ड चांगला आहे, धंद्यासाठी कर्ज हवे का? त्याने मला विचारले, "भाई, काय सांगू?"

मी म्हटले, "तुझा धंदा, तू सांग."

त्याने अजून काही सांगितलेले नाही. मशीन मात्र जमिनीपासून उचलून लोखंडी चौथऱ्यावर बसवले आहे, रेघेच्या वर.