आपला कचरा आणि आपली टेकडी

(कोथरूड येथील पालक मेळाव्यात एका शिक्षकाने, बी.ए., बी.एड., दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून कचऱ्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे पुढील शिक्षण असे विषय असताना हा कचरा मध्येच कोठून आला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु या विषयाचा आपल्या मुलांच्या शिक्षणाशी फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हे मी शेवटी सांगणार आहे. तोपर्यंत थोडा धीर धरावा, ही विनंती.

सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करू. वनाझपासून निघणारी मेट्रो आपण सर्वांनी पाहिली आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मार्ग सुरू झाला. या मेट्रोच्या गाड्या कोथरूडमध्ये ज्या जागेवर उभ्या राहतात, ती एकेकाळी पुणे महानगरपालिकेच्या कचरा डेपोची जागा होती. शहराचा कचरा येथे येऊन पडत असे. त्या वेळी कोथरूड गावाबाहेरचे होते. पुढे वस्ती वाढली, बंगले झाले, सोसायट्या झाल्या, आणि डेपो येथे नको असे झाले. डेपो बंद झाला.

डेपो बंद झाला, पण कचरा काही बंद झाला नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊ लागला. तेथील डेपो सुमारे १६३ एकरांचा आहे. ओला आणि सुका कचरा एकत्र ढिगात दाबला गेला की आत हवा जात नाही. मग तो कुजतो, परंतु नीट कुजत नाही. त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो आणि काळे पाणी जमिनीत झिरपते. हे काळे पाणी विहिरीत उतरले की विहीर गेली. एप्रिल २०१७ मध्ये त्या डेपोला आग लागली, धुराने गावकरी हैराण झाले आणि त्यांनी शहरातून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साठू लागला आणि आपल्याला त्याची आठवण झाली. "कचरा टाकला" असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो कोणाच्या तरी दारात टाकलेला असतो. आपल्या दारातून गेला की तो संपला, ही आपली समजूत खोटी आहे.

आता दुसरी बाजू पाहू. कोथरूडचे भाग्य असे की त्याच्या उशाशी टेकडी आहे. वेताळ टेकडी, ए.आर.ए.आय.ची टेकडी, म्हातोबाची टेकडी अशी नावे निरनिराळी असली तरी ती एकाच रांगेची अंगे आहेत. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. पहाटे फिरावयास जाणाऱ्यांना टेकडी म्हणजे स्वच्छ हवा एवढेच ठाऊक असते. पण तिचे खरे काम पावसाळ्यात चालते. काळ्या बसाल्ट खडकाच्या भेगांतून पाणी आत मुरते आणि खालच्या वस्तीतील विहिरी व बोअर यांना ते मिळते. जे मुरत नाही ते ओढ्यांतून मुठेला जाते. म्हणून टेकडी, टेकडीवरून उतरणारे ओढे आणि ओढ्याकाठची झाडी हा सलग हरितपट्टा राहिला पाहिजे. त्याचे तुकडे झाले की पाणी आपली वाट आपण काढते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात आंबील ओढ्याला पूर आला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. ओढा अरुंद करावयाचा आणि वर त्यात प्लॅस्टिक, राडारोडा टाकावयाचा, याचा परिणाम किती भयंकर होतो हे त्या रात्री दिसले.

पौड फाट्याकडून बालभारतीकडे टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही, यावर २०२३ साली पुण्यात मोठा वाद झाला. हजारो नागरिक टेकडी वाचवा म्हणून रस्त्यावर उतरले. ही जागरूकता स्तुत्य आहे. परंतु मोर्चात चालणाऱ्या घराची ओल्या कचऱ्याची पिशवी जर सुक्यात मिसळून फुरसुंगीकडेच जात असेल, तर आपण आपली टेकडी वाचवीत आहोत आणि दुसऱ्याचे शेत बुडवीत आहोत, असे म्हणावे लागेल. हिरवळ आपल्याकडे आणि उकिरडा परक्याकडे, हा न्याय नव्हे. मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच.

यावर उपाय काय? उपाय नवीन नाही. वस्तू पुन्हा वापरणे हे आपल्याला परदेशातून शिकावे लागलेले नाही. भांड्यांच्या मोबदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणारी आजी, रद्दीवाला, कल्हईवाला, हे सर्व आपण पाहिलेले आहेत. आपल्या समाजातील पिंजारी बांधव काय करीत? गठ्ठे झालेला जुना कापूस पिंजून त्याची पुन्हा नवी गादी करीत. गादी फेकून द्यावयाची असते, ही कल्पनाच त्या काळी कोणाला नव्हती. आज अनेक शहरांत भंगाराच्या दुकानांवर आपले किती लोक राबतात, हे मी आपणांस सांगावयास नको. पुठ्ठा, पत्रा, काच, लोखंड, कडक प्लॅस्टिक अशी त्यांनी निवडलेली प्रत्येक वस्तू पुन्हा कारखान्यात जाते. या धंद्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

या कामाला मान मिळवून देण्याचा मोठा प्रयत्न पुण्यातच झाला. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण कार्यातील शिक्षिका कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना अक्षरे शिकवावयास गेल्या. पाटी-पेन्सिलीच्या आधी या बायकांना पोलिसाचा जाच, दुकानदाराचा काटा आणि कुत्र्यांचे चावे यांतून सुटका हवी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली या स्त्रियांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे त्यांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. ज्या बाईला चोर म्हणून हटकत, तिच्या गळ्यात ओळखपत्र आले! २००१ साली या संघटनेच्या कामाशी निगडित अभ्यासकांनी हिशेब मांडला. कचरावेचक रोज सुमारे १४४ टन माल वेचून बाजूला काढतात आणि प्रत्येक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचे काम शहरासाठी फुकट करते, असे त्यात दिसून आले. म्हणजे ज्यांना आपण गरीब म्हणतो त्या बायका शहराला दान देत होत्या.

त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने महानगरपालिकेशी करार केला. घरोघरी जाऊन कचरा घ्यावयाचा, घरामागे ठराविक शुल्क घ्यावयाचे आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचणाऱ्याने ठेवावयाचे, अशी ती पद्धत. या संस्थेत तीन हजारांहून अधिक सभासद आले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कोंडाळ्यात वाकून वेचणारी बाई आता दाराशी येऊन घंटा वाजवू लागली. कोथरूडमधील अनेक गृहिणी तिला नावाने ओळखतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु त्या बाईचा दिवस बरा जाणार की वाईट, हे आपल्या स्वयंपाकघरात ठरते. रद्दीवर आमटी सांडली की तिचा भाव गेला. पिशवीत फुटका ग्लास किंवा दाढीचे पाते सुटे टाकले की तिचा हात कापला. इंजेक्शनची सुई टाकली तर त्याहून वाईट. बाळाचे लंगोट आणि स्त्रियांचे पॅड उघडेच टाकले, तर ते तिला हाताने वेगळे करावे लागतात. म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम 'स्वच्छ'ने चालविली. लाल ठिपका काढावयास किती वेळ लागतो? घरातल्या चौथीच्या मुलालाही हे काम सांगता येईल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले. पण कायद्याचा धाक नसता तरी माणुसकी म्हणून हे केले पाहिजे.

ओल्या कचऱ्याचे तर घरीच सोने होते. आपल्या घरातील निम्म्याहून अधिक कचरा ओला असतो. तळाला व बाजूला भोके पाडलेली एक जुनी बादली किंवा माठ घ्यावा. तळाशी वाळकी पाने घालावीत. त्यावर भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा टाकावा आणि पुन्हा वाळक्या पानांचा थर द्यावा. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओलसर असावे. आठवड्यातून एक-दोनदा ते काठीने हलवावे, म्हणजे आत हवा खेळते आणि वास येत नाही. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजावे व आणखी पाने घालावीत. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. मांस-मच्छी, हाडे व तेलकट अन्न मात्र बादलीत घालू नये. त्याने किडे होतात व उंदीर येतात.

वाळकी पाने कोठून आणावयाची? सोसायटीचा माळी सकाळी झाडून ती पेटवितो ना, तीच! पान जाळले की धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो आणि मातीचे अन्न मातीला मिळत नाही. ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत त्यांनी ती हवी असणाऱ्यांना द्यावीत, अशी देवघेव पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाच्या उपक्रमातून सुरू झाली. जे खत तयार होईल ते आपल्या गल्लीच्या कडेला, ओढ्याकाठी, शाळेच्या कुंपणाशी घालावे आणि तेथे कडुनिंब, करंज, बहावा, उंबर अशी इथलीच झाडे लावावीत. टेकडीवर मात्र जाणकारांना विचारल्याशिवाय खड्डे खणू नयेत. तेथील गवताळ माळ हेही निसर्गाचे घर आहे. तेथे पूर्वी लावलेली गिरिपुष्पाची दाट झाडी काही सर्व पक्ष्यांच्या उपयोगाची नाही. शेजारच्या वारज्यात वन विभाग आणि नागरिक यांनी मिळून उघड्या डोंगरावर वन उभे केले. ५ जून २०२० रोजी केंद्राने नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा हेच उदाहरण देशापुढे ठेवले. मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे पाहण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही.

आपल्या समारंभांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. रमजानमध्ये इफ्तार होतात, शादीत वलीमा होतो. थर्मोकोलच्या थाळ्या आणि पातळ प्लॅस्टिकचे पेले यांवर राज्य शासनाने २०१८ सालीच बंदी घातली, तरी दस्तरखानावर ते अजून दिसतात. मोहल्ल्याने वर्गणी काढून दोनशे स्टीलच्या थाळ्या व पेले घेतले तर ते पिढीभर पुरतील. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष वेगळे ठेवून महानगरपालिकेच्या गाडीतच द्यावेत. आपला सण शेजाऱ्यालाही सुखाचा वाटला पाहिजे.

आणि आता तो शिक्षणाचा संबंध. जी मुले सकाळी आई-वडिलांबरोबर माल निवडतात आणि मग धापा टाकत शाळेत येतात, ती आमच्या वर्गांत असतात. काही येणे सोडूनही देतात. त्यांच्या अंगाला वास येतो म्हणून बाकावर शेजारी कोणी बसत नाही. आरोग्यास अपायकारक अशा साफसफाईच्या व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने पहिली ते दहावीची शिष्यवृत्ती ठेवली आणि तिच्यात कचरावेचकांच्या मुलांचाही समावेश केला. तिला जातीची किंवा धर्माची अट ठेवलेली नाही. पात्र असूनही आपली मुले मागे राहतात. कारण कागदपत्रे कोणी करून देत नाही, आणि धंद्याचे नाव अर्जावर लिहावयास पालकांना संकोच वाटतो. पालकांनो, तो संकोच सोडा. शाळेच्या कार्यालयात येऊन चौकशी करा. दाखला आणावयास सोबत यावयाची आम्हा शिक्षकांची तयारी आहे. आणि ज्यांच्या मुलांना या शिष्यवृत्तीची गरज नाही, त्या पालकांनी आपल्या मुलाला घरी एवढेच सांगावे की शेजारच्या बाकावरच्या मुलाची आई हे शहर स्वच्छ ठेवते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून मला भाषणे नकोत, निबंधही नकोत. उद्या सकाळी घरात दोन डबे वेगळे ठेवा. काच आणि पाती कागदात बांधा. दाराशी कचरा न्यावयास येणाऱ्या मावशींचे नाव विचारा आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी द्या. पाने पेटविणाऱ्या काकांना थांबवून ती पोत्यात भरावयास मदत करा. सहा महिन्यांनी शाळेच्या कुंपणाशी आपण तुमच्या खतावर झाडे लावू. प्रत्येक वर्गाने आपापले झाड सांभाळावयाचे आहे.