नाताळच्या भेटी आणि घरची ऐपत

(ज्युबिली वर्षात, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, धर्मग्रामातील कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



आज आपणांपुढे ज्या विषयावर दोन शब्द बोलावयाचे योजिले आहे, तो प्रथमदर्शनी वेदीजवळचा नसून बाजारातला वाटेल. नाताळच्या भेटी घेताना आधी ठरविलेल्या रकमेच्या आत कसे राहावे, हा तो विषय होय. “फादर, हा तर घरच्या माणसांचा व्यवहार, त्यात धर्मगुरूने कशास पडावे?” असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर एवढेच की, डिसेंबरात बाजारात जे घडते त्याचे ओझे जानेवारीत घरात येते. आणि घरात आलेले हे ओझे फार दिवस केवळ पैशाचे राहत नाही. ते पतिपत्नींच्या बोलण्यात उतरते, मुलांच्या शिक्षणावर पडते आणि अखेर रात्रीच्या रोझरीच्या वेळीही मनास स्वस्थता लाभू देत नाही. म्हणून हा विषय वेदीजवळचाही आहे.

प्रथम आपण पवित्र कुटुंबाकडे पाहू. प्रभू येशूच्या जन्मानंतर चाळीस दिवसांनी पवित्र मारिया व संत योसेफ बाळास घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे बाळंतिणीने शुद्धीकरणाच्या वेळी एक वर्षाचे कोकरू व एक पक्षी अर्पण करावयाचा असे. परंतु लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात, त्याच नियमाच्या शेवटी, गरिबांची सोय केलेली आहे. जिला कोकरू देण्याची ऐपत नसेल, तिने दोन होले अथवा पारव्याची दोन पिल्ले द्यावीत. संत लूक आपल्या शुभवर्तमानात ज्या अर्पणाचा उल्लेख करितो, ते हेच दोन पक्ष्यांचे, म्हणजे गरिबाचे अर्पण होय.

बंधुभगिनींनो, याचा नीट विचार करा. देवाने जेव्हा अर्पणाचा नियम घालून दिला, तेव्हा ऐपतीचे माप त्यानेच त्या नियमात घातले. आणि जेव्हा त्याच्या एकुलत्या एका पुत्राची पाळी आली, तेव्हा त्या पुत्राच्या आईबापांनी ते माप न लाजता स्वीकारिले. मंदिराच्या अंगणात कोकरू घेऊन उभे असलेले लोक त्यांच्या दृष्टीस पडले असतील. तरीही शेजाऱ्याच्या कोकराकडे पाहून योसेफाने कोणाकडून उसने काढिले, असा एक शब्दही शुभवर्तमानात नाही. जे हाती होते त्यातून दिले, आणि ते देवास कमी वाटले नाही.

कोणी म्हणेल, “पण ज्ञानी लोकांनी तर सोने, ऊद व गंधरस आणिला!” होय, आणिला, परंतु संत मत्तय सांगतो की, तो त्यांनी स्वतःचे द्रव्यभांडार उघडून दिला. ज्याच्या थैलीत सोने आहे त्याने सोने द्यावे. ज्याच्या हाती दोन पक्षी आहेत त्याने दोन पक्षी द्यावेत. गव्हाणीपाशी दोघांनाही जागा आहे. दुसरा कोणी म्हणेल, “विधवेने तर आपले सर्वस्व दिले, तिने कोठे अंदाजपत्रक केले होते?” त्या माउलीने दोन नाणी दिली ती तिची स्वतःची होती. तिसरे नाणे सावकाराकडून आणून तिने पेटीत टाकिले नाही, आणि दिले तेही लोकांनी पाहावे म्हणून दिले नाही.

आता आपल्या वसईकडे वळू. पूर्वी आपल्याकडे नाताळची भेट म्हणजे मुख्यत्वे फराळाचे ताट असे. नेवऱ्या, कलकल आणि डोदोल यांनी भरलेले ताट स्वच्छ रुमालाने झाकून या घरातून त्या घरात जाई. ज्या घरी त्या वर्षी दुःख घडले असेल व त्यामुळे चूल फराळासाठी पेटली नसेल, तेथे ते अगत्याने जाई. दिवाळीस ज्या हिंदू शेजाऱ्याने फराळ पाठविला, त्याच्या दारीही ते जाई. त्या भेटीची किंमत कोणी विचारीत नसे, कारण तीवर किमतीची चिठ्ठीच नव्हती.

हल्ली वाड्यांतून इमारती उभ्या राहिल्या, शेतीच्या जोडीस नोकरी आली, मुले शिकली. हे सर्व बरेच झाले. मात्र पगाराच्या मागोमाग हप्ताही घरात शिरला. दुकानदारांचा नाताळ आता नोव्हेंबरातच सुरू होतो. मोबाईलवर बोट टेकविले की वस्तू दारी येते आणि पैसा हातास न लागता निघून जातो. नोटा मोजून देताना हात क्षणभर तरी थांबतो. बोट थांबत नाही.

सणानंतर फेब्रुवारीत आणि पुन्हा शाळा उघडताना जूनमध्ये, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बंधूंकडे फीच्या मदतीसाठी हळूच येणाऱ्यांत सर्वच निर्धन असतात असे नाही. बरा पगार मिळविणारा बापही त्यांत असतो. मान खाली घालून तो सांगतो की, डिसेंबरात मुलासाठी हप्त्याने मोबाईल घेतला, कारण वर्गातील इतरांकडे होता. पाठोपाठ मेहुण्याच्या मुलांस तोलामोलाचे काही द्यावे लागले, कारण त्यांनी गेल्या वर्षी तसे दिले होते. मुलास मोबाईल हवा होता हे खरे. परंतु जूनमध्ये त्यास पुस्तके लागतील, हे मुलास ठाऊक नसले तरी बापास ठाऊक होते.

या उधारीचा हिशेब एकदा डोळ्यांपुढे मांडू या. अनेक क्रेडिट कार्डांवर थकलेल्या रकमेस महिन्याला सुमारे साडेतीन टक्के व्याज लागते. समजा, नाताळच्या खरेदीचे २०,००० रुपये थकले. एका महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १२६ रुपये. आता त्या गृहस्थाने महिन्याअखेर १,००० रुपये भरले, तर त्यांतील ८२६ रुपये व्याजात व करात गेले आणि मूळ कर्ज फिटले केवळ १७४ रुपयांचे! शिवाय मागील बाकी पुरती फेडलेली नसेल, तर नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही, मग ती खरेदी तांदळाची का असेना. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दानेही भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट बजाविले होते. रोख घेणाऱ्यास मिळणारी सूट नाकारून किंवा प्रक्रियाशुल्क लावून ते व्याज कोठून तरी वसूल होतच असते.

कर्जाचा हा फास आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९१८ साली वसईच्या कॅथलिकांनी आपली सहकारी पतपेढी काढिली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक होय. सावकाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा आपल्याच काटकसरीवर उभे राहावे, हा सहकाराचा धडा होता. जी गोष्ट कमी मिळकतीत आपल्या आजोबा-पणजोबांस साधली, ती आपणांस साधू नये काय?

म्हणून व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट अशी की, रक्कम आधी ठरवावी, वस्तू मागाहून. बुरुज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हा दाखला प्रभूनेच दिला आहे. ‘बसून’ हा शब्द लक्षात ठेवा. दुकानात उभ्याने केलेला हिशेब हिशेब नव्हे. घरी, जेवण आटोपल्यावर, पतिपत्नींनी एकत्र बसावे. वाणी, वीज, फी, औषधे आणि चालू हप्ते यांची रक्कम प्रथम वेगळी काढावी. उरेल त्यातून सणासाठी काय काढता येईल तो आकडा कागदावर लिहावा.

समजा तो आकडा ८,००० निघाला. त्यातून कपड्यांस ३,५००, फराळ व मेजवानीस २,०००, भेटींस १,५००, गरिबांस ६०० आणि अकल्पित खर्चास ४०० अशी वाटणी करावी. गरिबांचा वाटा अखेरीस उरेल त्यातून नव्हे, तर आरंभीच काढावा. मग भेटींच्या १,५०० रुपयांपुढे वस्तूंची नव्हे, माणसांची नावे लिहावीत. घरच्या दोन मुलांस प्रत्येकी ३००, आजीस ३००, धर्मकन्येस २००, दोन भाच्यांस प्रत्येकी १५०. उरलेले १०० जाण्यायेण्यास व कागदास. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याच्या घरी फराळाचे ताट जावे. ते ताट कोणत्याही वस्तूपेक्षा हलके नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वाट्याचे रोख पैसे निरनिराळ्या पाकिटांत घालावेत आणि ज्या कामास निघालो तेच पाकीट सोबत न्यावे. पाकीट रिकामे झाले की बाजार संपला. मोबाईलवरूनच पैसे देणे भाग पडले, तर ती रक्कम तत्क्षणी कागदावर उतरवावी आणि तितक्या नोटा पाकिटातून काढून घ्याव्यात. एका नावावर वीस रुपये अधिक गेले, तर ते दुसऱ्या कोणत्या नावातून कमी करावयाचे ते त्याच वेळी ठरवावे. एकूण आकडा मात्र हलता कामा नये.

तिसरी गोष्ट मुलांविषयी. आईबापांस वाटते की, ऐपतीची गोष्ट मुलांस सांगितली तर ती हिरमुसतील. थोडा वेळ हिरमुसतीलही. परंतु ‘या वर्षी तुझ्यासाठी तीनशे रुपये ठेविले आहेत, त्यात काय घ्यावे ते आपण मिळून पाहू,’ असे सांगितलेले मूल निवड करावयास शिकते. आणि जे मूल बापाच्या हिशेबात सहभागी झाले, ते बापास दुसऱ्याच्या बापाशी तोलून पाहत नाही.

चौथी गोष्ट, नातेवाइकांशी मोकळेपणाने बोलावे. भावंडांनी आगमनकाळातच एकमेकांस सांगावे की, यंदा मोठ्यांनी मोठ्यांस भेटी देऊ नयेत, केवळ मुलांस द्याव्यात. अथवा प्रत्येकाने चिठ्ठी टाकून एकाच व्यक्तीस द्यावी. हे बोलण्यास प्रथम संकोच वाटतो. परंतु अनुभव असा आहे की, एकाने तोंड उघडले की इतर सर्व सुटकेचा निःश्वास टाकितात.

पाचवी गोष्ट पुढील वर्षाची. येत्या जानेवारीपासून दरमहा ७०० रुपये बाजूस टाकिले, तर नोव्हेंबरअखेर ७,७०० रुपये जमतात आणि नाताळ कोणाच्याही उधारीवाचून येतो.

हे सर्व कंजूषपणाचे शिक्षण आहे, असे कृपा करून समजू नका. चौथ्या शतकातील मिराचे बिशप संत निकोलास यांच्यापासून नाताळबाबाची कल्पना उदय पावली. परंपरा सांगते की, एका दरिद्री बापाच्या तीन मुलींच्या विवाहासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात, कोणास न कळू देता, सोन्याची थैली त्या घरात टाकिली. एकदा नव्हे, तीनदा. त्यांच्या दानाचे माप त्या घरची गरज हे होते, लोकांची वाहवा हे नव्हते. आपण भेट देतो तेव्हा आपणही स्वतःस विचारावे की, ही वस्तू मी त्या माणसाकडे पाहून घेतली, की माझ्याकडे पाहणाऱ्यांकडे पाहून?

आपला धर्मग्राम यंदा ज्युबिली साजरी करीत आहे. या शब्दाचे मूळ लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. पन्नासावे वर्ष आले की कर्णा वाजे, दारिद्र्यामुळे विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई आणि दारिद्र्यामुळे दास झालेला बांधव आपल्या घरी परते. ज्युबिली म्हणजे बंधमुक्ती. अशा वर्षी आपण मंदिरास रोषणाई करावी, मिरवणूक काढावी, आणि त्याच वर्षी एखाद्या बांधवाने खेळण्यांसाठी व कपड्यांसाठी स्वतःस बारा महिन्यांच्या हप्त्यांस बांधून घ्यावे, हे शोभत नाही.

नाताळास अजून सुमारे चार आठवडे आहेत. आज सायंकाळी घरी जाल, तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी एक कागद व एक पेन्सिल घेऊन दोघे बसा. वरती आकडा लिहा, खाली नावे लिहा, आणि तो कागद गव्हाणीच्या जागेपाशी ठेवा. त्या आकड्याच्या आत जे काही आणाल, ते दोन पक्ष्यांएवढे असले तरी संकोच बाळगू नका. प्रभू आपणां सर्वांस निष्कर्ज घर, समाधानी मन आणि आनंदाचा नाताळ देवो, हीच प्रार्थना. आमेन.