संशोधकाचे टपाल
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञास पत्र लिहिले. हार्डींचे उत्तर ८ फेब्रुवारीचे. श्रीनिवास रामानुजनांची ही कथा शाळेतल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. परंतु तिची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. रामानुजनांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या सिद्धांतांपैकी कित्येक युरोपात आधीच सिद्ध झालेले होते. नियतकालिके हाताशी नसल्यामुळे एका असामान्य बुद्धीची वर्षे पुन्हा त्याच वाटा तुडविण्यात गेली. संशोधकाला बुद्धीइतकीच गरज असते ती जगात काल काय घडले हे आज कळण्याची.

आता दुसरे टपाल पाहावे. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल आणि त्याच वर्षी बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी नऊ पानांचा एक निबंध पूर्ण केला. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे कोणत्याही असिद्ध गृहीतकाचा टेकू न घेता, निश्चितपणे आणि संख्येतील अंकांच्या मानाने वाजवी वेळात ठरविण्याची रीत त्यात होती. ९७ मूळ आहे हे पाचवीचे मूलही सांगेल. शेकडो अंकांच्या संख्येबाबत मात्र हा प्रश्न फार काळ अडून राहिला होता. तो निबंध ४ ऑगस्टच्या रविवारी ई-मेलने काही तज्ज्ञांकडे गेला. सोमवारी अमेरिकेत कार्ल पॉमेरन्स यांनी तो पडताळून त्याच दिवशी चर्चासत्रही भरविले. मंगळवारी तो इंटरनेटवर सर्वांना खुला झाला. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या मान्यवर नियतकालिकात तो छापून आला २००४ साली. तोवर इतर गणितज्ञ त्यावर सुधारणाही सुचवून मोकळे झाले होते.

ही गती एकाएकी आलेली नाही. १९८६-८७ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने भारतात ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभे राहू लागले. पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एन.सी.एस.टी. आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग एवढाच तो संसार. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. प्राध्यापक मंडळी त्याआधीपासूनच टेलिफोनच्या तारेवरून पत्रे धाडीत होती.

भौतिकशास्त्रात तर निराळीच पंक्तिभेदाची रीत रूढ होती. निबंध छापून येण्यास महिने लागत. म्हणून लेखक त्याच्या प्रती आधीच परिचितांना टपालाने पाठवीत. ज्यांची नावे यादीत, त्यांना वार्ता लवकर. इतरांना अंक ग्रंथालयात येईपर्यंत वाट पाहणे भाग. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी एका संगणकावर असे निबंध साठवून मागेल त्याला पाठविण्याची सोय केली. पुढे ‘आर्काइव्ह’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे भांडार २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले आणि त्यात आज वीस लाखांहून अधिक निबंध आहेत. वाचायला पैसे पडत नाहीत. मात्र तेथील निबंध तज्ज्ञांच्या रीतसर परीक्षणातून गेलेला असतोच असे नाही; निबंध विषयाला धरून आहे की नाही, एवढी प्राथमिक चाळणी तेवढी होते. घाईने मथळे करणाऱ्या वर्तमानपत्रांना हा भेद पुष्कळदा दिसत नाही.

पैशाचा प्रश्न याहून अवघड. नियतकालिकांच्या वर्गण्या अनेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरच्या. ज्या प्राध्यापकाचे वेतन जनतेच्या करातून निघते, त्याचाच निबंध वाचण्यासाठी त्याच्या शेजारच्या गावातील विद्यार्थ्याने प्रकाशकाला शुल्क मोजावे, ही रीत कशीही मांडली तरी विपरीतच वाटते. ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ या योजनेखाली केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना मिळावीत, अशी ती व्यवस्था. पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालयातला मुलगा दाराबाहेरच राहिला. घरात बसून एकट्याने अभ्यास करणाऱ्याचे तर नावच नाही. रामानुजन आज असते तर ते याच वर्गात मोडले असते.

मराठीच्या वाट्याला काय आले? महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलाला एखादा जुना शब्द अडला, तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उघडते. ज्या घरात मराठी बोलणारी दोनच माणसे उरली आहेत, तेथे ही सोय लहान नव्हे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने चालविलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध आहेत, त्यांत मराठीतलेही. परंतु अडचण अशी की, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर यंत्राला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, आणि जे पान छायाचित्र म्हणून चढविले गेले त्यातला शब्द शोधयंत्राला दिसतच नाही. तुकारामांवरचा एखादा प्रबंध तेथे पाना-पानांनिशी पडून असेल. आतल्या ओवी-अभंगांच्या चर्चेपर्यंत पोचायचे तर शीर्षक आधीच ठाऊक हवे, आणि मग एकेक पान डोळ्यांनी उलटत जायला हवे, जसे पूर्वी ग्रंथालयात उलटत असत.