देवनहळ्ळीचा मैलागाळ: खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

बेंगळूरुच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळीत भुयारी गटारे नव्हती. सेप्टिक टाक्यांतून उपसलेला मैलागाळ उघड्यावरच ओतला जाई. २०१५ मध्ये तेथे दररोज ६ घनमीटर मैलागाळ हाताळणारे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. गाळ उतारानेच टाक्यांतून वाळवण-वाफ्यांवर जातो. त्याचे खत होते, निथळलेले पाणी वनस्पती लावलेल्या खडीतून गाळले जाते. वीज नाममात्रच लागते.

तंत्र सोपे, अर्थकारण अवघड. उपशाचे शुल्क एक कुटुंब भरते, स्वच्छ भूजलाचा लाभ मात्र साऱ्या गावाला मिळतो. साहजिकच टाकी तुंबेपर्यंत गाडी कोणी बोलावीत नाही आणि अशी केंद्रे अर्धपोटी राहतात. महाराष्ट्रातील वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये यावर उपाय योजला: स्वच्छता कर सर्वांकडून घ्यावयाचा आणि दर तीन वर्षांनी टाक्या ठरावीक क्रमाने उपसावयाच्या.