शाळा वाडीवरच पाहिजे

(भोर-वेल्हे तालुक्यांच्या बैठकीत मांडलेले बोलणे)



आपल्या बैठकीत दरवेळी प्लॉट, दावा, फॉरेस्टवाले हेच बोलणं होतं. आज शाळेचं बोलू. कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात शाळा कुठून आली? ते पुढं सांगतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याचं पत्र निघालं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, त्याचे प्रस्ताव पाठवा. राज्यात अशा शाळा १४,७८३. नमुना म्हणून दोन नावं पुढं केली, नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपल्या वेल्ह्यातलं पानशेत. मोठी इमारत, बस, जास्त गुरुजी, हे वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. ज्याच्या दारात बस येते त्यानं खुशाल पोरं पाठवावीत. पण बस येते डांबरीपर्यंत, आणि कातकरवाडी डांबरीवर नसते. श्रावणात ओढा फुगला की सहा वर्षांच्या पोरीनं बस गाठायची कशी?

आणि पट कमी का? भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर अशी धरणं झाली, खोऱ्यातली गावं उठली, माणसं डोंगराला विखुरली. लहान वस्त्या आपण हौसेनं नाही केल्या. त्यात दिवाळी झाली की निम्मी वाडी कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जाते. मग म्हणायचं, पोरंच नाहीत!

आता कायदा काय म्हणतो? घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं, दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण. म्हणजे १९६० पर्यंत. ते राहिलं. २००२ साली घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्क झाला, २००९ ला कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. यातली ‘सक्ती’ सरकारवर आहे, हे नीट ध्यानात ठेवा. कलम ६ प्रमाणे वस्तीजवळ शाळा काढणं हे सरकारचं काम. आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. २० चा आकडा त्या नियमात येतो, पण तो नवी शाळा कुठं काढायची यासाठी. चालू शाळा उचलायची परवानगी त्यात नाही. उलट कायद्याच्या परिशिष्टात ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. एक गुरुजी चार वर्ग सांभाळतो आणि वर टपालही नेतो, हे कायद्यात कुठंच बसत नाही.

भट्टीवरून परत आलेल्या पोराला दाखला नाही, जन्माचा कागद नाही म्हणून परत पाठवता येत नाही (कलम १४). वयाप्रमाणे वर्गात बसवायचं (कलम ४).

आता जमिनीचं. जातीच्या दाखल्याला आपल्याकडून ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेतच गेला नाही, तर पुरावा कुठला आणायचा? ज्यांचा आजा-चुलता चार दिवस जरी शाळेत गेला, त्यांचं काम जनरल रजिस्टरमधल्या एका ओळीवर होतं. म्हणून शाळा बंद झाली तर पहिला प्रश्न विचारायचा, रजिस्टर कुठं नेलं? आणि ‘जागा फॉरेस्टची आहे, खोली बांधता येत नाही’ असं कुणी म्हणालं, तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेनं शिफारस केली तर शाळेसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळू शकते, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं तोडावी लागली तरी. आपले तालुके पाचव्या अनुसूचीत नाहीत, पेसा इथं लागत नाही. पण हे दोन्ही कायदे लागतात.

शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वाडीच्या समितीत कोण आहे हे इथं बसलेल्या किती जणांना ठाऊक आहे? नावं वाचून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा कुणी देऊ नका. शाळा हलवायचं म्हणाले तर तक्रार लेखी करा, पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं तीन गोष्टी आणायच्या: समितीच्या सभासदांची नावं, भट्टीवर गेलेल्या पोरांची यादी वयासकट, आणि घरातल्या जुन्यातल्या जुन्या माणसाचा निर्गम उतारा. उताऱ्याचा अर्ज लिहायला अडचण असेल तर बैठकीआधी तासभर या, आम्ही लिहून देऊ.