अभ्यंग आणि शिदोरी : ख्रिस्ती आशेचे दोन संस्कार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो ते आपले सर श्रद्धावंत कॅथलिक होते. गोव्यातील या मराठी शाळेत, बहुसंख्य हिंदू विद्यार्थ्यांना, त्यांनी निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकविले. त्यांच्या श्रद्धेविषयी आपण आदराने बोलतो. परंतु ती श्रद्धा जगत असताना ते नेमके काय करीत होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मराठीचा अध्यापक म्हणून शब्दांच्या वाटेने जेवढे जाता येईल तेवढेच आज जाणार आहे.

कॅथलिक परंपरेत सात संस्कार मानलेले आहेत : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. या सर्वांत एक समान सूत्र आहे. अदृश्य कृपा दृश्य वस्तूंच्या आणि कृतींच्या द्वारे माणसापर्यंत पोहोचते, अशी ही श्रद्धा आहे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, मस्तकावर ठेवलेला हात, उच्चारलेले वचन ही तिची साधने. श्रद्धा केवळ मनात धरून चालत नाही. तिला देहाची साक्ष लागते.

या कल्पना आपल्या भाषेत आणण्याचा उद्योग जुना आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, त्यांची कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही धर्मशिक्षणाची पुस्तिका तेथेच निघाली. पुराण हा प्रकार आणि ओवी हा छंद येथील श्रोत्यांचा होता. त्यामुळे परका आशय त्यांना आपल्या लयीत ऐकता आला. मात्र रोजच्या व्यवहारात पोर्तुगीज शब्दच रुळले. मीस, कुमसार, कुमगार, काजार हे शब्द ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी आपण लहानपणापासून ऐकत आलो. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांनी पुढे ‘संस्कार’ हा शब्द स्वीकारला. तो समर्पक आहे. परंतु त्याच्या सोबत आपल्या षोडश संस्कारांची छायाही येते. अंत्येष्टी हा आपल्याकडे मृतदेहावर करावयाचा संस्कार. कॅथलिक संस्कार मात्र जिवंत माणसांसाठीच असतात. मृतासाठी प्रार्थना होते, अंत्यविधी होतो. पण तेल लावले जाते ते जिवंत देहाला.

हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसासाठी स्पष्ट सूचना आहे : त्याने मंडळीतील वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. तेथे शब्द आहे आजाऱ्याचा, मरणासन्नाचा नव्हे. परंतु मध्ययुगीन युरोपात हा विधी हळूहळू मृत्युशय्येकडे सरकत गेला आणि त्याला ‘अंतिम अभ्यंग’ असे नाव पडले. नाव बदलले तशी समजूतही बदलली. ‘तेल लावले’ याचा अर्थ ‘आता आशा नाही’ असा होऊन बसला. आशेसाठी दिलेले चिन्ह निराशेची द्वाही ठरले. रुग्ण घाबरेल म्हणून कुटुंबीय धर्मगुरूंना बोलावणे लांबवीत आणि शुद्ध हरपल्यावरच बोलावीत. ज्याला धीर द्यावयाचा त्याला तो मिळाला आहे हे कळतच नसे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही विसंगती दूर करण्याचे ठरविले. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या उपासनाविषयक संविधानात म्हटले आहे की या संस्काराला ‘रुग्णांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य होय; तो केवळ मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्यांसाठी नाही; आजाराने वा वार्धक्याने जिवाला धोका निर्माण होऊ लागताच त्याची वेळ येते. पुढे ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवा विधी मंजूर केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा निरनिराळ्या अवयवांना तेल लावीत. आता कपाळ आणि हात पुरेसे मानले गेले. ऑलिव्हचे तेल जेथे दुर्मिळ तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालेल, अशी सवलत मिळाली. बरा झालेला माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक ढासळली, तर संस्कार पुन्हा घेता येतो, हेही स्पष्ट झाले. जे पुन्हा घेता येते ते ‘अंतिम’ कसे असेल?

एका विशेषणाच्या बदलाने माणसाच्या आयुष्यात काय घडते, ते मी सरांच्या बाबतीत पाहिले. १९७८ साली त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. धर्मगुरूंनी घरी येऊन त्यांना तेल लावले आणि ती वार्ता गावभर पसरली. आम्ही माजी विद्यार्थी अंत्यदर्शनाच्या तयारीनेच गेलो. सर उशीला टेकून बसले होते. आमचे चेहरे पाहून ते म्हणाले, “अरे, हे तेल मरण्यासाठी नव्हे. आजारी असणे हेही एक काम आहे. ते नीट करायला बळ लागते.” काही महिन्यांनी ते पुन्हा वर्गावर आले.

ते बरे झाले म्हणून हा संस्कार फळला, असे मला सुचवावयाचे नाही. तेल लावूनही माणसे जातात, आणि न लावता बरी होतात. शरीराला आराम मिळावा ही प्रार्थना या विधीत आहे. परंतु तशी हमी नाही. येथे अपेक्षा आणि आशा या दोन शब्दांतील अंतर ध्यानात घ्यावे लागते. अपेक्षा विशिष्ट फळाकडे डोळे लावून बसते. ते हुकले की कोसळते. ख्रिस्ती परिभाषेतील आशा फळावर नव्हे तर वचन देणाऱ्यावर टेकलेली असते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला नांगराची उपमा दिली आहे. आपण समुद्राकाठची माणसे. नांगर लाटा थांबवीत नाही, गलबताला वाहून जाऊ देत नाही, एवढे आपल्याला कोणी सांगावयास नको.

मग मरणाऱ्या माणसासाठी कोणता संस्कार? त्यासाठी तेल नसून अन्न आहे. अखेरच्या वेळी दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकुम’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ प्रवासासाठी बरोबर घेतलेली सामग्री. मराठीला यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. आपल्याजवळ ‘शिदोरी’ आहे. शिदोरी बांधून दिली जाते ती निघालेल्याला. ज्याला कुठेच जावयाचे नाही त्याला कोणी शिदोरी देत नाही. मृत्यू हा शेवट नसून प्रस्थान आहे, हा ख्रिस्ती श्रद्धेचा सिद्धान्त या एका घासात सामावला आहे. स्नानसंस्काराच्या वेळी जिच्यावरून दिवा पेटवून देतात ती पुनरुत्थानाची मेणबत्ती अंत्यविधीत शवपेटीजवळ लावतात, यातही तोच अर्थ आहे.

सरांनी ही शिदोरी १९९१ साली घेतली. त्याआधी त्यांनी कुमसार केला. त्यात ते काय बोलले हे कोणास कळणे नाही. धर्मगुरूंवर मौनाचे कडक बंधन असते. एवढे मात्र सर्वांनी पाहिले की दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बोलावणे पाठविले. वडिलार्जित घराच्या वादातून दोघांचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. भाऊ आला, दोन तास बसला. त्याच संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयाची दोन पुस्तके सरांनी मुलाच्या हाती परत पाठविली. निघालेला माणूस जशी देणी चुकती करतो तसे ते वागले. संस्कार देवळात किंवा अंथरुणाशी संपत नाही. तो भावाच्या दारापर्यंत जातो, हे मला त्या दिवशी समजले.

या संस्कारांना स्पर्श लागतो, हेही विसरता येत नाही. दूरध्वनीवरून प्रार्थना होऊ शकते. अभ्यंग होऊ शकत नाही. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत सर्वच धर्मांची असंख्य माणसे आप्तांच्या हाताशिवाय गेली. रुग्णाच्या कपाळाला हात लावणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे, हे त्या काळाने आपणा सर्वांना शिकविले.

कॅथलिक धर्मसभेने २०२५ हे वर्ष ‘आशेचे यात्रेकरू’ या सूत्राने जुबिली वर्ष म्हणून पाळले. यात्रेकरू म्हटला की त्याच्यापाशी दोन गोष्टी हव्यात : थकल्या अंगाला तेल आणि पुढच्या वाटेला शिदोरी. आपल्या श्रद्धा वेगवेगळ्या असतील; पण रुग्णाला वेळेवर भेटणे, त्याच्यापासून सत्य न लपविता त्याला धीर देणे, आणि निघणाऱ्याला सलोख्याची संधी देणे, एवढे आपणापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी धर्मांतराची नव्हे, अंतःकरणाची आवश्यकता आहे.