माझ्या मशीनवर चालली, पप्पांच्या नाही

नेहमीचे लोक इअरफोन घालून बसले असतील, आज पुन्हा कुठल्या तरी फ्रेमवर्कवर बोलणार म्हणून. आज नाही. आज एका गोळीबद्दल बोलायचंय. आणि मी डॉक्टर नाही, बीटेक आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण सगळा घोळ मी तेच विसरल्यामुळे झाला.

गोळीचं नाव सिप्रोफ्लॉक्सासिन. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी कधी ना कधी घेतलीच असेल. दोन वर्षांपूर्वी मला लघवीला जळजळ सुरू झाली. पुण्यातल्या डॉक्टरांनी आधी लघवीची कल्चर टेस्ट करायला लावली, रिपोर्ट बघितला आणि मग ही गोळी लिहून दिली. कोर्स संपला, मी ठणठणीत. स्ट्रिपचा फोटो मात्र फोनच्या गॅलरीत राहिला.

या वर्षी कराडहून पप्पांचा फोन. वय 64. "अरे, जळजळ होतेय लघवीला, तुला झालेलं तसंच." मी स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. म्युट केलं, गॅलरीतून तो फोटो शोधला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि लिहिलं, "हीच घ्या, मला दोन दिवसांत फरक पडला." एवढंच. तीस सेकंदांचं काम.

आमच्या फील्डमध्ये एक जुना विनोद आहे. टेस्टर बग दाखवतो आणि डेव्हलपर म्हणतो, "पण माझ्या मशीनवर तर चालतंय!" मी अगदी तेच केलं, फक्त समोर सर्व्हर नव्हता, पप्पा होते.

मेडिकलवाल्याने फोटो बघून दहा गोळ्या दिल्या, चिठ्ठी मागितली नाही. त्या स्ट्रिपवर एक उभी लाल रेघ असते, बघा कधी. 2016 साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने त्या रेघेची मोहीमच चालवली होती. अर्थ साधा, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी घ्यायची नाही. मी फोटोत ती रेघ रोज बघू शकत होतो. डिझाइन वाटलं मला ते.

पुढे आईचा सल्ला. "अँटिबायोटिक उष्ण पडतात, दुधाबरोबर घ्या." घराघरात म्हणतात हे. पण सिप्रोफ्लॉक्सासिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसते आणि औषधाचा काही भाग रक्तात जातच नाही. दही, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची अँटासिड, सगळ्यांचं तेच. यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास, असं अंतर ठेवायचं असतं. म्हणजे पप्पा गोळी घेत होते, जंतूंपर्यंत मात्र अर्धवटच पोचत होती. आणि अर्धवट मार खाल्लेले जंतू पुढच्या वेळी आणखी निबर होतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा म्हणाले, "टाचेच्या मागं दुखतंय रे, जिना चढताना. काल मळ्यात जास्त चाललो असेन." मीही हो म्हणालो. रात्री जेवताना सहज गोळीचं नाव आणि टाच असं सर्च केलं आणि घास घशातच अडकला.

टाचेच्या मागे ती जाड दोरीसारखी असते ना, तिला अकिलीज टेंडन म्हणतात. या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांचं टेंडन सुजतं, क्वचित तुटतंसुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्येच त्यासाठी काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. धोका जास्त कुणाला? साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड घेणारे. पप्पांना दमा आहे. त्याच महिन्यात दम वाढला म्हणून त्यांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. मला ते माहीत होतं! विचारायचं सुचलं नाही, एवढंच.

रात्री साडेदहाला फोन करून सांगितलं, पुढची गोळी घेऊ नका, पायावर भार टाकू नका. सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी पाय तपासला, सूज होती, तुटलेलं नव्हतं. पप्पांना सहा आठवडे नीट चालता आलं नाही. मळ्यात जाणं बंद. जो माणूस पहाटे पाचला उठून बांधावर असतो, तो खिडकीत बसून रस्ता बघत होता. आई मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

डॉक्टर रागावले ते वेगळ्याच गोष्टीवर. म्हणाले, "तीन दिवस गोळी पोटात गेल्यावर आता कल्चरला काय उगवणार?" टेस्टचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी द्यायचा असतो, नंतर जंतू असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. शिवाय लघवीच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी सापडणारा ई. कोलाय आपल्याकडे या गोळीला बऱ्याचदा दादच देत नाही. आणि साठीतल्या पुरुषाला असा त्रास झाला तर प्रोस्टेट बघावं लागतं. तेही निघालंच थोडं. म्हणजे माझी गोळी लागू पडली असती तरी मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

मग त्यांनी विचारलं, शुगरची गोळी घेता का? कारण त्यातल्या काहींबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिनने साखर एकदम खाली जाऊ शकते. पप्पांना शुगर नाही, वाचलो.

आता आपल्या जमातीसाठी खास. मान आखडली की आपण टिझानिडीन असलेली गोळी गिळतो, बरोबर? ती आणि ही एकत्र चालतच नाहीत, बीपी घसरतं, भयंकर गुंगी येते. आणि कॉफी. या गोळीने कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. माझ्या कोर्सच्या वेळी मी तीन रात्री टक्क जागा होतो आणि दोष रिलीजला देत होतो. खोकला लांबला म्हणून तर स्वतःहून घेऊच नका. ही टीबीच्या जंतूंना थोडं दाबते, बरं वाटतं आणि टीबी सापडायला उशीर होतो.

"मग बरं वाटलं की बंद करू का?" असं विचाराल. स्वतःच्या मनाने नाही. किती दिवस घ्यायची ते लिहून देणाऱ्याला विचारा. पण टेंडन दुखलं, हातपाय झिणझिणले, अंगावर पुरळ आलं, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन करायचा.

पप्पा आता चालतात, जिना मात्र कठडा धरून. त्यांनी चालू गोळ्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवलीय. परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर सर्दीसाठी कुठल्या तरी स्ट्रिपचा फोटो टाकला. मी टाइप करत होतो, तेवढ्यात खाली पप्पांचा मेसेज आला, "ताई, लाल रेघ बघ आधी."